शेवटच्या कडव्यातलं नाव

भगवानरावांबद्दल माझ्या मनात काही नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या हिचं, म्हणजे सुभद्राचं, मत वेगळं आहे. ती म्हणते, भगवानरावांचं नाव निघालं की माझ्या हातातला चहा निवतो. पंख्याखाली धरला तर कोणाच्याही हातातला निवेल. पण बत्तीस वर्षं महसूल खात्यात काढल्यावर एवढं कळतं, की मिसलीवर, म्हणजे फायलीवर, एकदा शेरा पडला की तो खोडता येत नाही. हिनं शेरा मारला आहे.

मला गाणं कचेरीनं शिकवलं. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला की कोणी तरी पुढे होऊन सूर धरावा लागतो. साहेबांचा सूर साहेबांपुरताच असतो. म्हणून तो मी धरायचो. सगळी कचेरी माझ्यामागून गायची. माझ्यामागून, हे लक्षात ठेवा.

मग दोन हजार अकरा साली वेगळ्या तेलंगणासाठी सरकारी नोकरांचा संप झाला. बेचाळीस दिवस. आदिलाबादेत आमचाही मंडप पडला. तेलुगू मंडळींकडे गाणाऱ्यांची कमी नव्हती. खांद्यावर घोंगडी, पायात घुंगरू, आणि आवाज असा की समोरच्या लिंबावरचे कावळे उठावेत. आम्ही मराठी बोलणारे सात-आठ जण मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवायचो. टाळीला भाषा नसते, तेवढाच आधार.

तिसऱ्या दिवशी संघटनेच्या एका पुढाऱ्यानं मला प्रेमानं विचारलं, "रावसाब, आप लोग इधर के हैं, या उधर के?"

आमचे पणजोबा निजामाच्या अमलात इथे आले. पैनगंगेच्या पलीकडे सोयरिकीला गेलं की आम्हाला तेलंगी म्हणतात, अलीकडे आलं की मराठे. मधल्या पुलावर मोटारसायकल बंद पडली तर तेवढा वेळ आम्ही कोणीच नसतो.

मी घरी आलो, जेवलो नाही, आणि वही काढली. बावीस कडव्यांचा पोवाडा झाला. तेलंगणा मागणारा, आणि मराठीत. आम्ही इथलेच, हे त्यात मी बावीस वेळा आणि बावीस तऱ्हांनी सांगितलं होतं. शेवटच्या कडव्यात, जुन्या शाहिरांची चाल असते तसं, आमच्या मावला गावासकट स्वतःचं नाव घातलं. तेही अगदी शेवटच्या ओळीच्या अगदी शेवटी, मानाच्या जागी:

हक्क मागतो, भीक न मागे, सोडला कचेरीचा ठाव,
मराठीतून तेलंगण मागे मावल्याचा नरसिंगराव!

आता पोवाड्याची एक अडचण असते. तो एकट्यानं म्हणता येत नाही. शाहिराच्या मागे एक झीलकरी लागतो. शाहिरानं ओळ टाकायची, आणि ओळ संपता संपता झीलकऱ्यानं 'जी जी रं जी' करून ती उचलायची. त्याला अक्कल लागत नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

मी मंडपात झीलकरी शोधत होतो तेव्हा धोतर नेसलेले एक गृहस्थ हातात कागद घेऊन उभे दिसले. बेल्याकडच्या एका खेड्यातले कास्तकार. हेच भगवानराव.

"काय पायजे?" मी विचारलं.

"पहाणीची नक्कल पायजे होती साहेब." पहाणी म्हणजे पैनगंगेपलीकडचा सातबारा.

"कचेरी बंद हाय. संप सुरू हाय."

"मंग कवा उघडन?"

"तेलंगणा भेटला की."

त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि खाली बसले. "मंग बसतो."

अशा तऱ्हेनं ते चळवळीत आले. मी त्यांना मागे उभं केलं, 'जी जी' कुठे करायचं ते सांगितलं. त्यांनी केलं. आणि तिथेच मी आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली.

आवाज म्हणजे काय असतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे मंडपाला कळलं. मी पुढे उभा असल्यामुळे मला नुसता धक्का बसला. समोरच्या हजारभर तेलुगू माणसांना माझ्या कडव्यांतलं अक्षरही समजत नव्हतं. पण 'जी जी' समजायला काय लागतं? दुसऱ्या कडव्याला पहिल्या चार रांगा म्हणू लागल्या, पाचव्याला सगळा मंडप. पुढे एका दिवशी लाउडस्पीकरची परवानगी संपली. माझे शब्द तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेनात. ह्यांचं जी जी बसस्टँडपर्यंत गेलं. तिकडचे लोक बस सोडून बघायला आले. दहाव्या दिवशी पोरंसोरं त्यांना 'जीजी अन्ना' म्हणायला लागली. मला 'सार' म्हणायची. ते मला आधीपासूनच म्हणत होती.

हेही मी सोसलं असतं. पण शेवटचं कडवं! रोज, एकोणचाळीस दिवस, 'मावल्याचा' हा शब्द माझ्या तोंडातून निघाला, की नावाचं पहिलं अक्षर बाहेर पडायच्या आत मागून यायचं 'जी जी रं जी'. नरसिंगराव आत, जीजी बाहेर. एकोणचाळीस दिवसांत माझं नाव एकाही माणसाच्या कानी पडलं नाही. मी एकदा वळून डोळे वटारले. त्यांना वाटलं, आवाज कमी पडतो आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाढवला.

संप मिटला. त्रेचाळिसाव्या दिवशी त्यांना पहाणीची नक्कल मिळाली. ती मीच लिहिली. अक्षर चांगलं काढलं, हे सांगितलं पाहिजे. मी मनात काही ठेवत नाही.

पुढे तेलंगणा झाला. मी निवृत्त झालो. मावल्यात घर, दारात तुळस, मुलगा जयदीप हैदराबादेत नोकरीला. सगळं ठीक होतं. मग यंदाच्या एप्रिलमध्ये दाढी करायला गेलो तर न्हावी मोबाइलवर काही तरी ऐकत होता. ओळखीचा आवाज. गळ्यावर वस्तरा असताना मी विचारलं, "काय आहे?"

"जीजी अन्ना," तो म्हणाला. "सार, तुमचे मराठी लोक. बागुंदी ना? एकदम मस्त."

कोणी तरी बेल्याच्या बाजारात भगवानरावांना उभं करून जुन्या दिवसांबद्दल विचारलं होतं. ते हसले होते आणि एकदा 'जी जी रं जी' करून दाखवलं होतं. एवढंच. चाळीस सेकंद. ते दोन लाख लोकांनी पाहिलं होतं. मी घरी येऊन पाहिलं आणि ते दोन लाख एक झाले. हिनं मागून विचारलं, "कितव्यांदा पाहून राह्यले?" पाचव्यांदा, पण पाहणारा माणूस एकच धरतात.

आठवड्यानं दीपमालाचा फोन आला. दीपमाला मूळची बोथची, घरात मराठी, शाळा तेलुगू. आमच्याच कचेरीत नवी लागली होती तेव्हा तिला मी टिप्पणी लिहायला शिकवलं. आता राज्यदिनाच्या सोहळा समितीत होती.

"सार, दोन जूनला चळवळीतल्या कलाकारांचा सन्मान ठेवला. मराठी भाषिकांतून एक नाव हाय."

मी खुर्ची ओढून बसलो. हिला हातानं खूण केली, टीव्ही बंद कर.

"बोल बेटा."

"जीजी अन्नाचं. तुमची ओळख हाय म्हणे त्यांच्यासंग. जरा परिचय लिहून देता का? मराठीत अन् तेलुगूत. स्टेजवर वाचायचा हाय."

हिनं खुणेनंच विचारलं, टीव्ही लावू का?

परिचय मी लिहून दिला. कर्तव्य म्हणजे कर्तव्य. एकोणीस ओळींचा झाला. दोन दिवसांनी दीपमालाचा पुन्हा फोन.

"सार, परिचय छान हाय, पण जीजी अन्ना अकराव्या वळीत येतात."

"पार्श्वभूमी लागते ना."

"हो सार. अन् हे 'मूळ शाहीर', 'मूळ शाहीर' सात वेळा आलं. हे कोण हायेत?"

"मी."

"अच्छा सार. तुमी पन होते का तिथं?"

त्या दिवशी चहा खरोखर निवला.

मे संपत आला आणि एका सकाळी भगवानराव स्वतः दारात. केस पांढरे झालेले, बाकी तसेच. हातात पिशवी.

"जयवंतानं कैऱ्या धाडल्या लोणच्याले," असं म्हणून त्यांनी पिशवी हिच्या हाती दिली. जयवंताबाई म्हणजे त्यांची बायको. मग माझ्याकडे वळले. "साहेब, आता कसं करायचं?"

"काय कसं करायचं?"

"अवो, मले स्टेजवर पोवाडा म्हन म्हनतात. पाच मिंटं. म्या एकटा काय करू? तुमी पुढं म्हना, म्या मागून जी जी करतो. पयल्यासारखं."

खरं सांगायचं तर मला जायचं होतं. पण त्यांच्या हातातल्या छापील पत्रिकेवर एकच नाव होतं, आणि ते माझं नव्हतं. दुसऱ्याच्या पत्रिकेवर आपण शिरलो तर आपण पाहुण्यांसोबत आलेले पाहुणे. मी म्हटलं, "बोलावनं तुमाले हाय, भगवानराव. तुमीच म्हना."

"मले कडवे कुठं येतात?"

"मंग वही लागन," मी सावकाश म्हणालो. "पण वही तं हरपली."

हिनं कैऱ्या मोजता मोजता मान वर केली. "अवो, कपाटात हाय ना, पेन्शनच्या कागदाखाली. परवाच तं काढून वाचत होते."

भगवानराव हसले. "राहू द्या वयनी. चोपडी कायले? तसं पायलं तं पाठ हायेत मले."

"आत्ताच तं म्हनले, कुठं येतात!" मी म्हणालो.

"म्हनता नाई येत जी तुमच्यासारखे. पाठ हायेत." आणि ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी सुरू केलं. एक, दोन, सात, बारा. तेराव्या कडव्याची तिसरी ओळ मी स्वतः विसरलो होतो. आत जाऊन वही पाहिली, त्यांचीच बरोबर निघाली. बाहेर येऊन मी सांगितलं की वहीत थोडं वेगळं आहे, पण चालेल.

एकोणचाळीस दिवस हा माणूस माझ्या मागे उभा राहून ऐकत होता! माझ्या बायकोला माझी दोन कडवी पाठ नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असता, पण आवाजही त्यांचा चांगला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात एक विचार आला. हा माणूस स्टेजवर एकटा. पुढे हाच, मागे कोणी नाही. म्हणजे शेवटच्या कडव्यावर जी जी टाकणारा कोणी नाही. चौदा वर्षांनी, मंत्र्यासंत्र्यांसमोर, भोंग्यावरून, माझं नाव सगळ्या जिल्ह्याच्या कानात जाणार. आणि तेही भगवानरावांच्या तोंडून!

"म्हना तुमीच," मी एकदम मायेनं म्हणालो. "पाच मिंटात तीन कडवे अन् शेवटचं. शेवटचं सोडू नोका."

"सोडीन कसं? तुमचं नाव हाय त्याच्यात."

"तेच म्हन्तो. नाव नीट ऐकू आलं पायजे." मग राहवेना. "तवा एकोणचाळीस दिवस तुमी त्या नावावर जी जी टाकलं, भगवानराव."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "मंग कुठं टाकू साहेब? तिथंच तं टाका लागते."

मला वाटलं, हा माणूस साळसूद आहे. अजून वाटतं. कशामुळे ते पुढे येईल.

दोन जूनला सकाळी अकरा वाजता पारा चाळिसाच्या पुढे होता. मंडपात कूलर लावले होते. ते पुढच्या सोफ्यावरच्यांना हवा आणि मागच्यांना आवाज देत होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत. बाजूला ही. जयदीपला फोन करून सांगितलं होतं, थेट प्रक्षेपण लाव, सूनबाईला आणि नातीला, ओवीला, समोर बसव. नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं होतं: 'शेवटपर्यंत पाहावे.'

"शेवटपर्यंत काऊन?" हिनं विचारलं होतं.

"कार्यक्रम चांगला हाय."

झेंडा झाला, भाषणं झाली, घोंगडीवाले झाले, गोंडी ढोल झाले. दीपमालानं परिचय वाचला. एकोणीस ओळींच्या चार झाल्या होत्या. त्या चारही छान होत्या. लिहिणारा माझाच हात. आणि भगवानराव आले. पांढरा सदरा, फेटा, हातात डफ. सगळा मंडप ओरडला, "जीजी अन्ना!"

त्यांनी सुरू केलं:

पणज्यानं पेरली मायमराठी काळ्या रानात हो,
तेलंगणानं पाणी पाजलं, दाणा कणसात हो…

ओळ संपली. आणि काहीच झालं नाही.

हजार माणसं श्वास धरून वाट पाहत होती. सगळे ज्यासाठी आले होते ते 'जी जी' येणार होतं. पण ते करणारा माणूस आता पुढे उभा होता, दुसऱ्या ओळीसाठी दम घेत. लोकांनी आपणहून म्हणायला हवं होतं, पण कोणी सुरुवात करून दिल्याशिवाय आपले लोक सुरुवात करत नाहीत. हे मी बत्तीस वर्षं झेंड्याखाली पाहिलं आहे. डफाचा आवाज तेवढा टप टप पडत राहिला. दुसरं कडवं. पुन्हा ओळ संपली, पुन्हा खड्डा. मागून कोणी तरी खोकला. सोफ्यावरच्या एका पाहुण्यानं घड्याळ पाहिलं.

भगवानरावांनी कडव्याच्या मध्येच मान मागे वळवली. मागे पडदा होता. चौदा वर्षांपूर्वी मी जसा वळलो होतो तसेच वळले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? कडवी म्हणणं म्हणजे काय ते कळलं असेल, असं मनात आलं.

तेवढ्यात दीपमाला शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन स्टेजच्या पायरीवर येऊन उभी राहिली. सरकारी कार्यक्रमात त्याचा अर्थ एकच: आटपा. तिसरं कडवं चालू झालं होतं. पायरी आणि भगवानराव यांच्यामध्ये दहा पावलं. हे तिसरं संपलं की शाल पडणार. शाल पडली की शेवटचं कडवं गेलं. शेवटचं कडवं गेलं की…

मी कधी उठलो मला माहीत नाही. ही म्हणते, तिच्या पायावर पाय देऊन उठलो. तिसऱ्या रांगेतून मी ओरडलो, "जी जी रं जी!"

सगळ्या माना वळल्या. भगवानरावांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटायला हवी होती. "या साहेब, या!" त्यांनी भोंग्यावरूनच हाक मारली. कोणी तरी मला वर ढकललं, कोणी हातात माइक दिला. दीपमाला शालीसकट दोन पायऱ्या खाली उतरली. माझं नाव बचावलं होतं.

आता मी मागे आणि ते पुढे. त्यांनी पहिलं कडवं पुन्हा घेतलं. ओळ संपली, मी 'जी जी' केलं. तर त्यांनी माइक बाजूला करून मान वळवली आणि हळूच म्हणाले, "लेट येऊन राह्यले साहेब."

मी! लेट!

दुसऱ्या ओळीला मी लवकर घुसलो, तर त्यांच्या शब्दावर शब्द. "ऐका ना वळ," ते पुटपुटले. "माझा दम कुठं सरते ते पाहा." तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या पाठीकडे नीट पाहिलं. ओळ चढत जाते तसे खांदे वर येतात. अगदी शेवटच्या शब्दाशी ते थरथरतात, आणि तिथे आवाज नसतोच. तिथे नुसती हवा असते. त्या शब्दाखाली झीलकऱ्यानं हात घालायचा असतो, नाही तर ओळ खाली पडून फुटते. कडवंभर मी खांदे पाहत राहिलो. मग एकदा बरोबर जागी पडलं. मंडपानं ते उचललं. हजार लोक, जी जी रं जी. कूलर ऐकू येईनात. सोफ्यावरचे पाहुणे मांडीवर ताल धरायला लागले. आणि मला, काय सांगू, मजा यायला लागली.

लागोपाठ सहा वेळा बरोबर पडलं. भगवानरावांनी मान डोलावली. साहेबांनी चांगला शेरा मारल्यासारखं वाटलं मला, आणि मी आणखी जोर धरला.

मग शेवटचं कडवं. हक्क मागतो, भीक न मागे. ते वर चढले. मी खांदे पाहत होतो. सोडला कचेरीचा ठाव. बरोबर पडलं. मराठीतून तेलंगण मागे. खांदे वर आले. मावल्याचा… खांदे थरथरले. माझ्या छातीत भरपूर हवा होती आणि माझ्यामागून म्हणायला हजार माणसं होती.

"जी जी रं जीऽऽऽ!"

असं जी जी त्या जिल्ह्यात कोणी कधी केलं नसेल. मंडप उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या. नरसिंगराव कुठे गेला ते मला टाळ्यांच्या मध्यावर लक्षात आलं.

शाल भगवानरावांना. मला पाण्याची बाटली मिळाली, थंड होती. खाली आलो तर ही म्हणाली, "बरं झालं हो, चांगलं केलं तुमी." पायाचं बोट चोळत होती. तेवढ्यात जयदीपचा फोन.

"बाबा, एक नंबर! ओवी तर घरभर जी जी करत फिरतेय. बाबा, ते शेवटच्या ओळीत कोणाचं तरी नाव होतं ना? मावल्याचा कोण? मी मागे घेऊन दोनदा ऐकलं. ऐकूच येत नाही."

"कोणी नाही," मी म्हणालो. "असाच एक माणूस."

त्यानंतर चार-पाच दिवस मी वही घेऊन बसलो. नाव वरच्या ओळीत बसवून पाहिलं, मध्ये बसवून पाहिलं. मध्ये बसतं. अगदी आरामात बसतं. चौदा वर्षांपूर्वीही बसलं असतं; फक्त मला शेवटी हवं होतं, मानाच्या जागी. हे मी हिला सांगितलेलं नाही.

मग तो दुसरा व्हिडिओ आला. तिसऱ्या रांगेतला चष्मा लावलेला म्हातारा बायकोच्या पायावर पाय देऊन उठतो आणि ओरडतो. तीन लाख. दोन नव्हे, तीन. न्हाव्यानं मला 'चिन्न जीजी' म्हटलं, म्हणजे धाकटा जीजी, आणि दाढीचे पैसे घेतले नाहीत. जुलैच्या शेवटी बोथहून फोन आला: पंधरा ऑगस्टला आमच्याकडे या, मावल्याचे जी जी करणारे काका पाहिजेत. मी विचारलं, पुढे कोण म्हणणार? ते म्हणाले, कोणी पण चालेल.

संध्याकाळी भगवानरावांचा फोन. पाऊसपाणी झालं, कपाशीची डवरणी झाली, जयवंताबाईंचे गुडघे झाले. तरी ते ठेवेनात.

"साहेब," शेवटी म्हणाले, "बोथवाल्याईनं तुमाले बोलावलं म्हनतात."

"हो. आला व्हता फोन."

"तुमालेच?"

"हो, मलेच."

"कडवे तं म्या म्हटले व्हते जी," ते म्हणाले. "जी जी कराले काय लागते?"

त्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. चौदा वर्षं घरात सांभाळलेली वस्तू माणूस अंधारातही ओळखतो. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की सांगता येत नाही.

"तुमीच पुढं म्हनणार, भगवानराव," मी म्हणालो. "मी मागून करतो. अन् ऐका, पोवाड्यात आता तुमचं नाव टाकतो. शेवटच्या कडव्यात, पार शेवटच्या वळीत. मानाच्या जागी."

पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"शेवटी नोका टाकू साहेब," ते म्हणाले. "मंधात टाका. शेवटी दम नसते."

म्हणजे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. वही काढली, चष्मा पुसला, आणि त्यांचं नाव शेवटीच टाकलं.